अर्धा कोयता आणि डोक्याचा मुका मार

ऊसतोडीच्या हिशेबात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता, एकटी बाई असेल तरी अर्धाच. आपल्या बीड जिल्ह्यातल्या लेकराला पाढे येण्याआधी हा हिशेब कळतो. उचल कोयत्यावर मिळते, टनाचा भाव कोयत्याला पडतो, खाडाही कोयत्याचाच लागतो.

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण फडावर जाणारं एखादं तरी घर प्रत्येकाच्या ओळखीचं आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा. विषय डोक्याला लागलेल्या माराचा आहे. रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, फोटो काढला तर नॉर्मल. आपण म्हणतो, मुका मार आहे, दोन दिवसांत बरं वाटेल. हा मार गड्याला लागला तर काय होतं, बाईला लागला तर काय होतं, आणि दोघं परत कामावर कधी आणि कसे उभे राहतात, यात फरक आहे. त्या फरकाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास लंडनपासून सुरू होऊन शिरूर-पाटोद्याच्या फडापर्यंत येतो.

आधी 'किरकोळ' म्हणजे काय ते पाहू. डोक्याला मार लागलेला पेशंट दवाखान्यात आला की डॉक्टर डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का हे पाहून 15 पैकी मार्क देतात. ही पद्धत 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी मांडली. 13 ते 15 मार्क पडले की इजा किरकोळ. म्हणजे हा शब्द पेशंट आला त्या वेळच्या शुद्धीबद्दल आहे, पुढच्या तीन महिन्यांबद्दल नाही. किरकोळ इजेतून बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरी होतात. काहींचं डोकं मात्र दुखतच राहतं, गरगरतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, झोप लागत नाही, चिडचिड होते, सांगितलेलं लक्षात राहत नाही. सीटी स्कॅनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. दिसत नाही म्हणून लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि इथूनच गोष्ट सुरू होते.

1866 साली लंडनमध्ये जॉन एरिक्सन नावाच्या सर्जनने रेल्वे अपघातांवर पुस्तक लिहिलं. तेव्हा आगगाड्यांची टक्कर व्हायची, प्रवासी बाहेरून धड दिसायचे, पण पुढे कित्येक महिने त्यांना काम जमायचं नाही. झोप नाही, विसरभोळेपणा, अंग थरथरणं. एरिक्सनचं म्हणणं होतं की धक्क्याने मज्जासंस्थेला खरोखर इजा होते. भरपाईच्या खटल्यांत त्याच्या पुस्तकाचा आधार घेतला जाऊ लागला. मग 1883 साली हर्बर्ट पेज या दुसऱ्या सर्जनने उलटा ग्रंथ लिहिला, की यातली बरीचशी दुखणी भीतीची आणि मनाची आहेत. हे पेजसाहेब एका रेल्वे कंपनीचे डॉक्टर होते, हे सांगायला हवं.

या भांडणात एक शब्द सारखा येत होता : हिस्टेरिया. ग्रीक भाषेत 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. बाईच्या डोक्यात काही बिघडलं की त्याचं मूळ तिच्या पिशवीत शोधायचं, ही युरोपातली हजारो वर्षांची सवय. एरिक्सनने आपल्या पेशंटची बाजू कशी मांडली? कामधंदा करणारा चांगला धट्टाकट्टा पुरुष एकाएकी हिस्टेरिक कसा होईल, असं त्याचं म्हणणं. म्हणजे पुरुषाचं दुखणं खरं ठरवायला त्याने ते बाईच्या दुखण्यापासून वेगळं काढलं. पुरुषाला न्याय मिळण्याची वाट मोकळी झाली, पण बाईचं दुखणं खोटं असू शकतं हा समज तसाच राहिला.

पुढे सगळा अभ्यास पुरुषांच्या डोक्यावर झाला. 1915 साली पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांबद्दल चार्ल्स मायर्सने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय मासिकात आणला. 1928 साली अमेरिकेत मार्टलंडने मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूबद्दल लिहिलं. सैनिक, बॉक्सर, नंतर फुटबॉलवाले. ज्या बाईला घरात वर्षानुवर्षं डोक्यावर मार बसतो, तिच्या मेंदूत बॉक्सरसारखेच बदल सापडतात, ही नोंद 'लॅन्सेट' मासिकात यायला 1990 साल उजाडलं. एका मृत बाईच्या शवविच्छेदनातून ते कळलं. बॉक्सरच्या नोंदीनंतर तब्बल 62 वर्षांनी.

आता कोणी म्हणेल, बाया जरा जास्तच कुरकुर करतात. याचंही उत्तर आहे. 2021 साली अमेरिकेतल्या 18 केंद्रांवरच्या पेशंटचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्याला किरकोळ इजा झालेल्या स्त्रिया आणि पुरुष वर्षभर पाहिले, आणि सोबत हातपाय वगैरे दुखावलेले पेशंटही पाहिले. डोक्याच्या इजेत स्त्रियांचा त्रास जास्त आणि लांबलेला निघाला, विशेषतः 35 ते 49 वयाच्या बायांचा. पण हातापायाच्या इजेत असा फरक दिसला नाही. कुरकुर हा बायांचा स्वभावच असता तर ती हात मोडल्यावरही जास्त दिसली असती.

लंडन-अमेरिका झालं, आता आपल्या बालाघाटावर येऊ.

1950 साली नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तिकडे, पाणी तिकडे, आणि तोडायला हात इकडचे. 1972 च्या दुष्काळानंतर तर बीड, पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज, परळी, गेवराई इथून दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरून गावं रिकामी व्हायला लागली. मुकादम उचल द्यायचा, आणि उचल फिटेपर्यंत सुटका नाही.

कारखान्याला जोडपं का हवं होतं? कारण काम दोघांचं आहे. गडी ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. बैलगाडीवर काम करणाऱ्यांचं गाडी सेंटर, आणि जिथं मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरतात ते डोकी सेंटर. नावातच डोकं आहे. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर, पायाखाली ओला फड किंवा ट्रकला लावलेली शिडी, आणि ट्रक कधी येईल ते सांगता येत नाही, त्यामुळे रात्री दोनलाही भरणी. पाय घसरला, मोळी कलली, माणूस डोक्यावर आपटला, हे फडावर नवीन नाही. त्यात भर रस्त्यावरच्या अपघातांची आणि कोपीतल्या मारहाणीची. ती मारहाण दवाखान्यात 'पाय घसरून पडली' अशीच लिहिली जाते.

आता हिशेब लावा. गड्याला चक्कर येते म्हणून तो दोन दिवस कोपीत पडला, तर कोयता मोडला. बाईला चक्कर येते, तरी कोयता मोडला. खाडा दोन्हीकडे. 2019 साली ज्या बातम्या देशभर गाजल्या, त्यात एका दिवसाच्या खाड्याला 500 रुपये दंड असं आलं होतं. मजुरी जाते ती वेगळीच. इथपर्यंत दोघं सारखे दिसतात. पण गडी पडला तर त्याचा चहा, भाकरी, पाणी, लेकरं बाई बघते. बाई पडली तर चूल कोण पेटवतं? बहुतेक वेळा तीच. नाहीतर दहा-बारा वर्षांची लेक, आणि तिची शाळा तिथंच संपते. डॉक्टर सांगतात एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू काम वाढवा. बाईच्या बाबतीत हा सल्ला पहाटे चारला चुलीच्या धुरातच संपतो. ती कामावर परत कधी गेली, असं विचारलं तर उत्तर येतं, ती कामावरून निघालीच कधी?

हे आकड्यातही आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी 299 मिनिटं घरकामाला देतात, पुरुष 97 मिनिटं. जवळपास पाच तास. ऊसतोडीचे बारा-चौदा तास त्याच्या वरचे.

कायद्याने हे कसं मोजलं? 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. इंग्रजीत त्याचं नाव 'वर्कमेन'चं होतं. बाई त्यात बसत होती, पण शब्द पुरुषाचा होता. तो शब्द बदलून 'एम्प्लॉई' करायला 2009 साल लागलं. कायद्याला जोडलेलं परिशिष्ट वाचण्यासारखं आहे. अंगठा गेला तर 30 टक्के, एक डोळा गेला तर 40 टक्के, हाताचा पंजा गेला तर 60 टक्के. शरीराचा तुकडा गेला पाहिजे, मग टक्केवारी ठरते. डोकं गरगरणं, विसरणं, उजेड सहन न होणं याला त्या यादीत ओळ नाही. यादीबाहेरच्या इजेलाही भरपाई मिळू शकते, पण त्यासाठी डॉक्टरने कमाईची ताकद किती टक्के घटली हे लिहून द्यावं लागतं. तात्पुरत्या इजेला महिन्याच्या मजुरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी रक्कम दर पंधरा दिवसांनी द्यायची तरतूद आहे. पण तीन दिवसांच्या आत माणूस कामाला लागला की मालक काहीच देणं लागत नाही.

आता ऊसतोडीची बाई यात बसवून बघा. तिची महिन्याची मजुरी किती? कागदच नाही. उचल कोयत्याला, आणि सही किंवा अंगठा बहुतेक नवऱ्याचा. तीन दिवस कामावर नव्हती? दुसऱ्या दिवशीच फडात होती, कारण खाडा परवडत नाही. मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो मी पण कामगारच. कायदा ठेकेदाराच्या मागच्या मूळ मालकालाही जबाबदार धरतो, पण तिथपर्यंत पोचायला कागद लागतो. कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, तर हंगामी कारखान्यांना लागूच होत नाही, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखरेचं नाव घालून ठेवलंय. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाने जी अपघात योजना आहे, तीसुद्धा मृत्यू, डोळे आणि हातपाय मोजते. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख, दोन गेले तर दोन लाख. मुक्या माराला तिथंही जागा नाही.

बाईच्या कामाला किंमत किती, याचं कायद्यातलं एक नमुनेदार उत्तर 1994 सालचं आहे. त्या वर्षी मोटार वाहन कायद्यात एक परिशिष्ट जोडलं. त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरायचं, असं होतं. फडातला अर्धा कोयता कायद्यात आणखी कमी झाला. 2010 साली सुप्रीम कोर्टाने अरुणकुमार अग्रवाल खटल्यात यावर बोट ठेवलं, आणि 2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल खरपूस टीका केली. 2021 साली कीर्ती खटल्यात कोर्टाने वेळ-वापराचे तेच 299 मिनिटांचे आकडे हातात घेऊन सांगितलं की घरकाम हे काम आहे. पण हे दोन्ही खटले अपघाती मृत्यूच्या भरपाईचे होते. बाई मेल्यावर तिच्या चुलीची किंमत निघाली. जिवंत असून डोकं धरून बसलेल्या बाईच्या चुलीची किंमत अजून कुणी काढलेली नाही.

आता त्या ग्रीक शब्दाकडे परत या. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 बायांचं सर्वेक्षण झालं, त्यातल्या 13,861 बायांची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडू नये, पाळीच्या दिवसांत काम थांबू नये, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणजे ज्या अवयवात युरोपने बाईच्या डोक्याचं दुखणं शोधलं, तोच अवयव आपल्याकडे कोयता चालू ठेवायला काढून टाकला. बाईचं शरीर कामाला अडतंय म्हटल्यावर शरीर कापायचं, कामाचा नियम बदलायचा नाही.

पण त्या वर्षाचा दुसरा धडाही लक्षात घ्या. मोजलं, म्हणून हललं. मोजदाद झाल्यावर जिल्ह्यात या शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन आलं, आणि तोडीला जाण्याआधी व आल्यावर आरोग्य तपासणी सुरू झाली. आकडा समोर नव्हता तोवर हे 'बायांचं खासगी' होतं.

गड्यांचं म्हणाल तर त्यांचीही सुटका नाही. गड्याचा मार कामावर लागला हे चारचौघांत दिसतं, त्याला 'लागलंय' हे नाव मिळतं, टोळी दोन दिवस सांभाळून घेते. तिसऱ्या दिवशी मात्र तो चक्कर येते म्हणाला की हसतात. बाईसारखं काय डोकं धरून बसलास? हे ऐकायला नको म्हणून गडी चक्कर दाबून कोयता चालवतो, ट्रकवर चढतो, रात्री ट्रॅक्टर हाकतो. डोकं गरगरत असताना धारदार हत्यार आणि उंची, दोन्ही जीवावरची. डोकं सावरायच्या आधी दुसरा मार बसला तर पहिल्यापेक्षा जड जातो. चिडचिड वाढते, आणि ती कोणावर निघते हे सांगायची गरज नाही. एरिक्सनच्या काळात पुरुषाने हिस्टेरियाचा शिक्का टाळला. त्याची किंमत तो अजून गप्प राहून भरतोय.

संघर्षाचा इतिहासही आपल्याकडे कमी नाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वात संप झाले, लवाद बसले, भाव वाढले. जानेवारी 2024 मध्येही तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. गोपीनाथ मुंडेंच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, आणि टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून घ्यायचं ठरलं. हे सगळं लढून मिळालंय, त्याला कमी लेखू नका. पण प्रत्येक वेळी भांडण टनाच्या भावाचं झालं, आणि टन कोयत्याच्या नावावर चढतो. कोयत्याच्या आत दोन माणसं आहेत, हा मुद्दा टेबलावर उशिरा आणि अर्धवट आला.

दोन माणसं वेगळी मोजता येतात हे महाराष्ट्रानेच दाखवलंय. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाईचं नाव हजेरीपटावर वेगळं लागलं. पुढे 2005 च्या केंद्राच्या कायद्यात तर कामावर इजा झाली तर मोफत उपचार, आणि दवाखान्यात दाखल असेल तर निदान अर्धी मजुरी, असं लिहिलं गेलं. अंमलबजावणी कशी झाली ते आपण सगळे जाणतो. पण कागदावर बाई पूर्ण माणूस होती, अर्धा कोयता नव्हती.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती जाण्याआधीच करायची आहे, फडावर गेल्यावर कोण ऐकतं?

पहिलं, करारावर आणि कारखान्याच्या नोंदीत दोघांची नावं आणि टनाचा अर्धा-अर्धा हिशेब. बाईच्या मजुरीचा कागद असेल तरच भरपाईचा दावा उभा राहतो.

दुसरं, डोक्याला मार लागला तर पहिले दोन दिवस खाडा नाही. आणि नंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्यावर मोळी नाही, शिडी नाही.

तिसरं, परत आल्यावरच्या तपासणीत एक प्रश्न वाढवा : या हंगामात डोक्याला मार लागला का, आणि त्यानंतर काय त्रास होतो? हा प्रश्न बाईला नवऱ्यासमोर नाही, एकटीला विचारा. पिशवी मोजली तेव्हा सरकार हललं, आता डोकं मोजा.

चौथं सरकारकडे मागायचं नाही, घरात करायचं आहे. बाईच्या डोक्याला लागलं की दोन दिवस चूल, पाणी, लेकरं बाकीच्यांनी बघायची. याला जीआर लागत नाही.

आणि हे पाठच करून ठेवा. मार लागल्यावर सारख्या उलट्या, गुंगी, झटका, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, वाढत जाणारी डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर मुकादमाची वाट न बघता 108 ला फोन. तेव्हा खाड्याचा विचार करायचा नाही.

पोस्ट पटली तर तुमच्या गावच्या मुकादमापर्यंत आणि आशाताईंपर्यंत पोचवा. तुमच्याकडे खाड्याचा आणि आजारपणाचा हिशेब कसा लावतात तेही कमेंटमध्ये लिहा. फक्त त्या बाईचं नाव लिहू नका.